बर्फावरची गाडी आणि अण्णा

"बंद कर! आधी बंद कर ते!" अण्णानं दोन्ही कानांवर हात दाबले.

मी चावी फिरवली. इंजिन थांबलं, पण पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज अजून घुमतोय असंच वाटत होतं. जात्यात खिळे भरडावेत तसा आवाज.

"हा रिव्हर्स पडल्याचा आवाज आहे?"

"पडत नाही म्हणूनच आवाज आहे. पुढं नीट जाते. मागं घ्यायला दांडा ओढला की असं करते. पडला तर अर्धवट पडतो आणि मध्येच सुटतो."

"मग तो लॉइड घेणार कशी?"

"रिव्हर्स नसेल तर नाही घेणार म्हणालाय."

अण्णानं कानटोपी मागं सरकवली आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढं बर्फावर घसरणारे दोन पाय म्हणजे स्की, मागं रबराचा रुंद पट्टा, मध्ये मोटरसायकलसारखी लांब सीट. बर्फावरच्या गाडीशी त्याची ओळख तीन-चार दिवसांचीच होती. पण यंत्र समोर आलं की आमच्या घरातल्या माणसाचे हात खिशात राहात नाहीत.

"पाने कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

कॅनडाच्या उत्तरेतलं हे गाव. तळ्याकाठी शंभरेक घरं, एक शाळा, एक दवाखाना आणि विमान उतरायची एक पट्टी. रस्ता असा नाहीच. माझे यजमान सुकुमार चौगुले इथल्या शाळेत गणित शिकवायला आले आणि त्यांच्यामागून मी आले. गावात बहुतेक क्री नावाचे तिथले मूळ आदिवासी लोक. मूस या मोठ्या सांबरासारख्या जनावराचं मांस आणि मासे खाणाऱ्या त्या गावात कांदासुद्धा विचार करून खाणारं आमचं जैनाचं घर चेष्टेचा विषय होतं, आणि लाडाचाही. तळं गोठायच्या आधी, शाळेतून येता येता सुकुमार वाटेतच बसले, ते उठले नाहीत. मूलबाळ नव्हतं. इचलकरंजीहून माझा थोरला भाऊ मला न्यायला आला, तोवर तळं पार घट्ट झालं होतं.

अण्णानं आल्या आल्या सगळं हातात घेतलं होतं. शाळेचं घर रिकामं करायचं, भांडी कुणाला द्यायची, कपाट कुणाला. गावातल्या लॉइडला गाठून गाडी विकायचं बोलणंही त्यानंच केलं. मी कशालाच नाही म्हटलं नाही. हो असंही म्हटलं नाही. पण त्यानं ते विचारलंही नव्हतं.

मागच्या बाजूला लाकडी ठोकळा सरकवून आम्ही पट्टा जमिनीपासून अधांतरी केला. मी इंजिन सुरू केलं. हात कशालाच लावला नव्हता, तरी पट्टा हळूहळू फिरायला लागला.

"बघ!" अण्णा ओरडला. "इंजिन निवांत असताना पट्टा थांबायला पाहिजे. हिचं निवांतच जोरात चाललंय. आतला शाफ्ट फिरत असताना तू दुसरा गिअर घुसवतेस. दात मोडतील नाही तर काय होईल?"

"बाबा काय म्हणायचे? फिरत्या चाकाला बोट लावायचं नाही, की दुसरं चाकही लावायचं नाही."

अण्णा हसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

आमचे वडील यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की माणसं त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन जायची. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं छोटं वर्कशॉप होतं आणि आम्ही दोघं भावंडं तिथंच तेलकट होऊन वाढलो. मी कानस धरायला शिकले ती सुई धरायच्या आधी. पुढं मी मोठी झाले तशी त्या खोलीत पोरंबाळं, गिऱ्हाइकं, सगळे यायचे. माझं जायचं बंद झालं. अण्णा मात्र तिथनंच वर गेला आणि स्वतःचे माग टाकून बसला.

इंजिनाचा वेग त्यानं स्क्रू फिरवून उतरवला. पट्टा थांबला. दांडा ओढला, आवाज निम्मा झाला. पण रिव्हर्स अजून अर्ध्यावरच अडकत होता.

"उघडायला लागणार," मी म्हणाले.

बाजूचं झाकण काढलं, खाली परातीत काळं ऑइल गळलं. अण्णानं दोन बोटं बुडवून उजेडात धरली. बोटांवर चांदीचा कीस लावल्यासारखं चमकत होतं.

"दातांचा भुगा आहे हा. सुकुमाररावांनी बरेच दिवस असंच रेटलंय."

"त्यांना गणित यायचं. यंत्र नाही."

आत बघितलं तर गिअरच्या दातांचे कोपरे चिरफळले होते. आणि गिअर सरकवणारा जो चिमटा असतो, तो एका बाजूनं इतका झिजला होता की दांडा पुरता ओढला तरी गिअर अर्धाच आत जायचा. नवा चिमटा शहरातून मागवायचा म्हणजे हिवाळा संपला.

"झीज भरून काढायला पातळ वॉशर पाहिजे," अण्णा म्हणाला. "पितळेचा. लोखंडाचा घातला तर तो चिमट्यालाच खाईल."

मी घरात जाऊन पितळी स्टोव्ह घेऊन आले.

"अगं, आईनं दिलेला स्टोव्ह हा! लग्नातला!"

"इथं कोण रॉकेल जाळतंय? फळीवर बसून धूळ खातोय. काप."

"आई असती तर—"

"आई असती तर म्हणाली असती, टाकीचं नको, बुडाचं काप, ते जाड असतं. काप की अण्णा."

त्यानं कापलं. मी दातांचे कोपरे कानसीनं साफ करत बसले. एकेक दात, दोन्हीकडून सारखा. मध्येच अण्णानं माझ्या हातातला गिअर घेऊन डोळ्यांपाशी धरला, अंगठा फिरवला आणि काही न बोलता परत दिला. बाबा चूक असेल तरच बोलायचे. मला आतून फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी वाईटही, कारण एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती.

वॉशर बसला. झाकण लागलं, नवं ऑइल भरलं. मी इंजिन सुरू केलं, पट्टा थांबलेला बघितला आणि दांडा ओढला.

खट.

एवढंच. कुणीतरी कडी लावावी तसं.

"वा गं पठ्ठे!" अण्णानं माझ्या पाठीवर थाप मारली. "आता लॉइडच्या बापालाही नाही म्हणता यायचं नाही. उद्या येऊ दे त्याला."

"आधी चालवून बघायला पाहिजे. तळ्यापलीकडं म्हाताऱ्या अॅग्नेसकडं जाऊ या. मार्थानं तिची औषधं दिलीत, ती पण देऊन येऊ." मार्था म्हणजे दवाखान्यातली नर्स. गावात डॉक्टर नव्हता. होती ती मार्था एकटी.

दुपार स्वच्छ होती. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. अण्णा माझ्यामागं बसला, सुकुमारचा जाड कोट घालून. तळ्यावरून जाणारी वाट ठरलेली असते. गावातले लोक दोन्ही बाजूंनी स्प्रूस झाडाच्या फांद्या बर्फात खोचून ठेवतात. त्या फांद्यांच्या आतनं जायचं. बाहेर बर्फ तसंच पांढरं दिसतं, पण त्याच्या भारानं खालचा थर दबतो, फटीतनं तळ्याचं पाणी वर येतं आणि बर्फाच्या गोधडीखाली न गोठता तसंच राहतं. हे मी अण्णाला सांगितलं. तो मागून ओरडला, "हो, हो!" वाऱ्यात त्याला किती ऐकू गेलं देव जाणे.

अॅग्नेसचं घर झाडीत होतं. तिच्या दारापर्यंत झाडांच्या दोन रांगांतून एक चिंचोळी गल्ली जायची. नाक पुढं करून आत शिरायचं आणि मागं मागं येत बाहेर पडायचं, दुसरा मार्ग नाही. सुकुमार तर तिथं गाडी बाहेरच ठेवून चालत जायचे.

अॅग्नेस दारातच उभी होती. सत्तरी उलटलेली, उंच, पाठ सरळ. तिनं औषधाची पिशवी घेतली, अण्णाकडं बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द मोकळा करत इंग्रजीत म्हणाली, "तू भाऊ. बरं झालं आलास. मार्था सांगत होती, आता दर आठवड्याला औषधं हीच आणणार. या काठावरच्या सगळ्यांची. दवाखान्यानं हिला कामाला घेतलंय, राहायला जागाही दिलीय."

अण्णाला इंग्रजी चांगलं समजायचं. सूतवाल्यांशी मुंबईत तो इंग्रजीतच भांडायचा.

 तो चहा नको म्हणाला. मी रिव्हर्स टाकला, गाडी त्या गल्लीतून मागं मागं सरळ रेषेत बाहेर आली, एकाही झाडाला न लागता.  अण्णानं सीटच्या मागची कडी घट्ट धरली होती.

तळ्यावर थोडं अंतर आल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर मारलं. "थांबव."

मी थांबवली.

"खरं आहे ते?"

"खरं आहे."

"कधी ठरलं?"

"तू यायच्या आधी."

"आणि मला सांगितलं नाहीस. माझ्याकडनं गिअर उघडून घेतलास. आईचा स्टोव्ह कापून घेतलास माझ्याच हातानं. कशासाठी? विकायची म्हणून. आणि तू—" त्याला धाप लागली. "माझी फसवणूक केलीस तू, त्रिशला."

"केली. सांगितलं असतं तर तू पान्याला हात लावला असतास?"

"नसता लावला! या बर्फात तू एकटी... वय काय तुझं? कोण आहे तुझं इथं? तिकडं घर आहे, माणसं आहेत. काय कमी पडेल तुला तिथं?"

आमच्याकडं, कोल्हापूर भागात, बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. लग्नानंतर सुकुमारच्या पुण्यातल्या नातेवाइकांसमोर मी ते सोडलं होतं. त्या क्षणी ते तोंडातून आपोआप आलं. "मी येत नाही, अण्णा. मी इथंच राहतो. गाडी चालवतो, औषधं देतो, घरी येतो. तू जा."

तो सीटवरून उतरला.

"कुठं निघालास?"

"चालत जातो. तुझ्या गाडीत बसायचं नाही मला."

समोर, तळ्याच्या पार पलीकडं, चर्चचं लाल छप्पर दिसत होतं. त्यानं तेच धरलं आणि सरळ चालायला लागला. फांद्यांची रांग तिरकी जात होती. तो ती ओलांडून बाहेर गेला.

"अण्णा, आत चाल! फांद्यांच्या आत!"

त्यानं हात झटकला. लहानपणी भांडलो की असाच झटकायचा. आणि पुढच्याच पावलाला त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. त्यानं दुसरा टाकला, तोही गेला. पाण्याचा राखाडी चिखल त्याच्या बुटांत भरताना मला लांबूनही दिसला. तिथं माणूस बुडत नाही; खाली जाड बर्फ असतं. पण ओले पाय त्या थंडीत किती वेळ पाय राहतात हे गावातल्या एकेकाकडं बघून मला माहीत होतं. तो वळायला गेला आणि हातांवर पडला.

मी गाडी फांद्यांच्या बाहेर घातली. वेग ठेवला तर पुढं जाऊन कायमची रुतणार, सोडला तर तिथंच. त्याच्या हातभर अलीकडं पुढच्या दोन्ही स्की खाली बसल्या. पट्टा अजून कोरड्यात होता.

"हात दे!"

"पाय निघत नाहीत गं," तो म्हणाला. आवाजात राग उरला नव्हता.

"माझ्या कोटाला धर. ओढ. लाज कसली, ओढ!"

तो रांगत, कोटाला लोंबकळत सीटवर आला. दातांवर दात वाजत होते. पुढं जाणं शक्य नव्हतं, तिथं नुसतं पाणी होतं. वळवणं शक्य नव्हतं. आलो त्याच चाकोरीतून, तशीच्या तशी, मागं जायचं. आणि ते एकाच झटक्यात जमायला हवं होतं, कारण खरखर करत गिअर सुटला असता तर तेवढ्या वेळात पट्टाही खाली बसला असता.

मी इंजिन निवांत होऊ दिलं. तेवढं थांबणं फार कठीण गेलं. मग दांडा ओढला.

खट.

"मागं बघ आणि सांग मला," मी ओरडले. "सरळ जातेय का?"

अण्णा वळून बसला. "डावीकडं घे. थोडी. बास. सरळ... सरळ... येऊ दे, येऊ दे..." मागाशेजारी उभा राहून तो कामगारांना सांगायचा त्याच सुरात. स्की चिखलातून सुटताना गाडी एकदा अडली, हिसका बसला, आणि निघाली. फांद्या ओलांडून आम्ही पक्क्या वाटेवर आलो.

गाव लांब होतं, अॅग्नेस जवळ. मी तिकडंच गाडी पिटाळली.

अॅग्नेसनं त्याला शेगडीपासून जरा लांब बसवलं, बूट-मोजे ओढून काढले आणि त्याचे पांढरे पडलेले पाय आपल्या मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरून बसली. चोळू द्यायला तयार नव्हती. नुसते धरायचे म्हणाली. परक्या बाईच्या मांडीवर पाय, म्हणून अण्णा आधी संकोचानं आक्रसला, मग पायांत रक्त फिरायला लागलं तसा वेदनेनं कण्हायला लागला. कण्हणं येतंय म्हणजे चांगलं, असं अॅग्नेस म्हणाली.

कळ ओसरल्यावर तो मराठीत बोलला, खाली बघत.

"माडीवरची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतलीय. नवा पंखा बसवलाय. तुझी वहिनी म्हणाली, खिडकीला पडदे पण लावू."

"कुठली खोली?"

"माडीवरची. मागची."

"आत्याची."



आमची चंद्रा आत्या विशीत विधवा होऊन माहेरी आली आणि त्या खोलीत म्हातारी झाली. तिला जेवण होतं, लुगडी होती, सणाला गोडधोड होतं. घरातली सगळी पोरं तिनं वाढवली, आम्ही दोघंही त्यांतलीच. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, दर्शनाला जायचं तरी ती दारात उभी राहून विचारायची, "जाऊ का?"

"तुला आठवतं," मी म्हणाले, "तिनं एकदा शिवणाचं मशीन मागितलं होतं. पुढच्या खोलीत बसून शेजाऱ्यांचे कपडे शिवते म्हणाली. बाबा काय म्हणाले?"

अण्णानं अॅग्नेसच्या हातांतला पाय जरा मागं घेतला.

"बाबा म्हणाले, काय कमी आहे तुला? अण्णा, बाबा वाईट नव्हते. तूही नाहीस. पण ती परत काही मागायला त्या खोलीतून खाली आली नाही."

"लोक मला विचारतील," तो हळूच म्हणाला. "बहिणीला बर्फात टाकून आलास का म्हणून. काय सांगू?"

"आत्याला कुणी टाकलं नव्हतं. घरातच होती ती."

अॅग्नेसला एक शब्द कळत नव्हता. ती अण्णाच्या पायांकडं बघत होती, आणि मध्येच माझ्याकडं. मग तिनं पाय लोकरीच्या चादरीत गुंडाळले आणि उठून चहा ओतला. यावेळी अण्णानं तो घेतला.

दुसऱ्या दिवशी लॉइड आला. धिप्पाड माणूस, मनानं वाईट नाही. त्यानं गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, परत पुढं, परत रिव्हर्स, आणि खुश होऊन मान डोलवली.

"विकायची नाही," मी म्हणाले.

लॉइडनं अण्णाकडं बघितलं. अण्णा बूट घालत होता, तो घालतच राहिला.

"तुम्हाला झेपायची नाही ही," लॉइड मला म्हणाला. "एकदा रुतली की कळेल. मी वसंतात येतो, तोवर तुम्हीच बोलवाल."

"ये की. चहा प्यायला ये. गाडी न्यायला येऊ नकोस."

तो हसत गेला. नंतर कितीतरी वेळा चहाला आलाही.

अण्णा जायच्या दिवशी मी त्याला गाडीवरूनच विमानाच्या पट्टीवर नेलं. त्याच्या बॅगा मागच्या घसरगाडीवर बांधल्या होत्या.  वाटेत त्याच्या मनात राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. आल्यापासून जो मला 'ऊठ, बस, हे घाल' सांगत होता, तो आता नुसता बसून होता.

छोटं विमान उतरलं. पायलट नवीन होता, गावात पहिल्यांदाच आलेला. त्यानं आतून दवाखान्याचा खोका काढला, वर थर्माकोल आणि लाल चिकटपट्टी, आणि खाली उतरून कागदावरचं नाव वाचलं.

"चौगुले?"

मी पुढं झाले. पण त्याची नजर माझ्यावरून पुढं सरकली आणि अण्णावर थांबली. खोका त्यानं अण्णापुढं धरला. "सर, हे थंडीत जास्त वेळ ठेवू नका. आतली औषधं गोठतील. लगेच निघा."

अण्णाचे दोन्ही हात कोटाच्या खिशांत होते. ते त्यानं बाहेर काढले नाहीत. पायलट तसाच खोका धरून उभा राहिला, जरा गोंधळला.

"मला काय देता?" अण्णा इंग्रजीत म्हणाला. "चौगुले ही आहे. तिला द्या. काम तिचं आहे."

मग तो माझ्याकडं न बघता विमानाच्या शिडीवर चढला. वरच्या पायरीवर वाकून त्यानं आतल्या अंधाराकडं बघतच मराठीत एकदाच विचारलं, "ऑइल कधी बदलायचं, लक्षात आहे?"

"आहे."

मी खोका घसरगाडीवर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि विमान सुटायची वाट न बघता निघाले. औषधं गोठली असती.